उघडी पोथी वाचणार कोण? : ‘आर’ या संख्याशास्त्रीय आज्ञावलीविषयी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला विचारलं, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं संगणकाच्या आज्ञावलीवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. आम्ही प्रोग्रामर नाही, संख्याशास्त्रज्ञ तर नाहीच नाही. ‘आर’ आम्ही निवृत्तीनंतर एका तरुण सहकाऱ्याच्या शेजारी बसून शिकलो आणि अजूनही कंस जुळवताना चुकतो. पण आज विद्यापीठांतून जे संशोधन बाहेर पडतं त्याचा मोठा भाग या आज्ञावलींच्या तोंडून बोलतो. ‘अमुक उपाय परिणामकारक आहे’, ‘तमुक दोन गटांत लक्षणीय फरक आहे’ ही वाक्यं शेवटी उच्चारतं कोण? संशोधक की यंत्र? हा प्रश्न ज्ञानमीमांसेचा आहे, आणि तिथे बोलायचा आम्हाला थोडा हक्क आहे. दुसरंही एक कारण आहे, ते कबुलीजबाबाच्या जातीचं आहे. ते मध्यावर सांगू.

ज्यांना ‘आर’ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कुळकथा. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘एस’ नावाची भाषा करायला घेतली. विदेशी, म्हणजे डेटाशी, माणसानं बोलत बोलत काम करावं ही तिच्यामागची कल्पना. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी तिच्याच वळणाची भाषा स्वतः लिहिली. दोघांच्या नावांचं आद्याक्षर ‘आर’, आणि इंग्रजी वर्णमालेत ‘एस’च्या आधी ‘आर’ येतो, असा दुहेरी श्लेष. १९९५ मध्ये त्यांनी ती जीपीएल या परवान्याखाली खुली केली. १९९७ पासून एक छोटा गट तिचा गाभा सांभाळतो, आणि १.० ही आवृत्ती निघाली २९ फेब्रुवारी २००० रोजी. आज तिच्या ‘क्रॅन’ या भांडारात लोकांनी लिहून दिलेली वीस हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत.

जीपीएल काय सांगतो? कुणीही, कशासाठीही वापरा. आतली संहिता वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. मात्र बदललेलं वाटलंत तर त्याचीही संहिता त्याच अटींवर उघडी ठेवा. याचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांना आयुष्यभर एक गोष्ट समजावून सांगावी लागली, कारण इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात ‘मोफत’ आणि ‘स्वतंत्र’ हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत ही अडचण नाही. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. पण गंमत बघा, दोन शब्द हाताशी असूनही आपण फुकटपाशीच थांबलो. कोणत्याही महाविद्यालयात विचारा, ‘आर’ का घेतलं? उत्तर येतं, एसपीएसएसचा परवाना परवडत नाही. हे कारण खोटं नाही. छोट्या गावातल्या विद्यार्थ्याला जगातल्या उत्तम संशोधकाच्या हातातलं हत्यार मिळतं, ही लहान गोष्ट नव्हे. पण ‘आर’चं मोल तेवढ्यावर ठरत नाही.

मग कशावर ठरतं? इथे आम्हाला आपल्या जुन्या वादाकडे जावं लागतं. एखादं ज्ञान खरं आहे हे कशावरून कळतं? मीमांसक म्हणतात, ज्ञान आपलं प्रामाण्य स्वतःबरोबर घेऊनच येतं. नैयायिक म्हणतात, नाही, ते बाहेरून तपासावं लागतं. लांबून पाणी दिसलं. ते मृगजळ होतं की पाणी, हे जवळ जाऊन तहान भागली तरच कळतं. एकाचं नाव स्वतःप्रामाण्यवाद, दुसऱ्याचं परतःप्रामाण्यवाद.

बंद आज्ञावलीत तुम्ही मेनूतला पर्याय निवडता, तक्ता येतो. आतली संहिता दिसत नाही, म्हणून तक्त्याचं प्रामाण्य तक्त्यातच मानावं लागतं. ‘आर’ची रचना नैयायिकाला आवडेल अशी आहे. बाहेरून तपासायची सोय तिच्यात आहे. तुम्ही दिलेली प्रत्येक आज्ञा लिहिलेली राहते, आणि त्या आज्ञेमागे कोणतं गणित चालतं तेही उघडून बघता येतं. आता मीमांसकांवर अन्याय नको. ‘काहीही माना’ असं ते म्हणत नाहीत; बाधक ज्ञान येईपर्यंत माना, असं म्हणतात. आमचं म्हणणं एवढंच, की बाधकाला आत यायला दार तरी हवं. ‘आर’नं ते दार ठेवलं आहे. प्रश्न असा की त्या दारातून जातंय कोण?

आता हे हवेत राहायला नको. एक अगदी शाळेतलं उदाहरण घेऊ. १ ते १० हे दहा आकडे. यांचं पहिलं चतुर्थक किती? म्हणजे खालचा पाव भाग कुठे संपतो? ‘आर’ला विचारलं तर ते सांगतं ३.२५. पण त्याच आज्ञेला एक ‘प्रकार’ सांगता येतो, असे नऊ प्रकार आहेत. सहावा प्रकार मागितला की उत्तर येतं २.७५. दुसरा मागितला की येतं ३. तिन्ही उत्तरं बरोबर, तिन्हींच्या मागे युक्तिवाद आहे. तुम्ही काही बोलला नाहीत तर ‘आर’ सातवा प्रकार धरतं. एसपीएसएस नेहमीच्या तक्त्यात सहाव्या प्रकाराचं उत्तर देतं.

दुसरं उदाहरण. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आठ आकड्यांचं प्रमाण विचलन काढा. ‘आर’ म्हणेल साधारण २.१४. पायथनमधलं ‘नमपाय’ हे तितकंच खुलं, तितकंच नावाजलेलं पॅकेज म्हणेल नेमकं २. का? एक सातानं भागतं, दुसरं आठानं. ‘आर’ गृहीत धरतं की हे आठ आकडे एका मोठ्या समुदायातला नमुना आहेत. ‘नमपाय’ धरतं की हे आठ म्हणजेच सगळा समुदाय. बघा, केवढा तात्त्विक फरक आहे! तुमच्यासमोरचं जग संपूर्ण आहे की अंश आहे, याचा निर्णय झाला, आणि तुम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

याला संगणकाच्या भाषेत ‘डीफॉल्ट’ म्हणतात. आपण त्याला मौनातला निर्णय म्हणू. तुम्ही गप्प राहिलात की तुमच्या वतीनं कुणीतरी बोलतं.

आपल्या घरचं एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. पण गोव्यात जन्मलेले हे गृहस्थ पुण्याला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना, १९४४ मध्ये, त्यांनी अनुवंशशास्त्रातलं एक सूत्र दिलं. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर, त्यांची अदलाबदल किती वेळा होते यावरून काढायचं सूत्र. त्याआधी १९१९ मध्ये हाल्डेन यांनी एक सूत्र दिलं होतं. त्यात एका ठिकाणच्या अदलाबदलीचा शेजारच्या ठिकाणी काही परिणाम होत नाही असं धरलेलं होतं. कोसंबींनी तो परिणाम हिशेबात घेतला. फरक किती पडतो? अदलाबदलीचं प्रमाण ३० टक्के असेल तर हाल्डेन यांच्या सूत्रानं अंतर सुमारे ४६ एकक येतं, कोसंबींच्या सूत्रानं सुमारे ३५. ‘आर’मध्ये या कामाचं ‘आर/क्यूटीएल’ नावाचं पॅकेज आहे. त्यात दोन्ही सूत्रं आहेत. पण अशा नकाशाची आज्ञा देताना तुम्ही गप्प राहिलात तर हाल्डेन. कोसंबी हवे असतील तर नाव घेऊन मागावे लागतात. यात कुणाचा पक्षपात नाही; काहीतरी एक डीफॉल्ट ठेवावंच लागतं. पण पेशीच्या आत काय घडतं याविषयीचा एक सिद्धान्त तुम्ही न बोलता पत्करलेला असतो.

आता ती कबुली.

काही वर्षांपूर्वी एका प्रबंधाच्या परीक्षक मंडळावर आम्ही होतो. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण दोष आमचाही आहे. विषय मूल्यशिक्षणाचा होता, म्हणून तत्त्वज्ञानवाला हवा होता. काही शाळांत एक खास अभ्यासक्रम चालवला होता, काहींत नव्हता. शाळा काही शहरी, काही ग्रामीण. मुलांना प्रश्नावली दिलेली. निष्कर्ष असा की अभ्यासक्रमामुळे लक्षणीय फरक पडतो. तक्ता होता, पी-मूल्य ०.०५ च्या खाली होतं. मौखिक परीक्षेत आम्ही विचारलं, हीच चाचणी का घेतलीत? मार्गदर्शक मध्येच म्हणाले, सर, ते सॉफ्टवेअरमधून आलेलं आहे. सगळे हसले. आम्हीही हसलो आणि सही केली.

पुढे आम्ही ‘आर’ शिकायला बसलो तेव्हा सरावासाठी तोच प्रबंध काढला. विद्यार्थिनीनं एक चांगलं काम केलं होतं: सगळ्या आज्ञा परिशिष्टात छापल्या होत्या आणि नावं काढून टाकलेली विदा सीडीवर जोडली होती. आमच्या सहकाऱ्यानं आज्ञा चालवल्या, तक्ता जसाच्या तसा आला. मग त्यानं एका ओळीतल्या दोन शब्दांची अदलाबदल केली. आधी ‘अभ्यासक्रम’, मग ‘ठिकाण’ असं होतं. त्यानं आधी ‘ठिकाण’, मग ‘अभ्यासक्रम’ केलं. अभ्यासक्रमाचा परिणाम नाहीसा झाला.

हे कसं? अभ्यासक्रम बहुतेक शहरी शाळांतच चालला होता. म्हणजे शहरीपणाचा परिणाम आणि अभ्यासक्रमाचा परिणाम एकमेकांत मिसळलेले. अशा वेळी ‘आर’ची नेहमीची आज्ञा क्रमानं वाटणी करते. दोघांचं मिळून जे श्रेय आहे ते आधी नाव आलेल्याच्या पदरात पडतं, उरलेलं दुसऱ्याला. दोन भावांनी मिळून विहीर खणली आणि तलाठ्याकडे जो आधी पोचला त्याचं नाव सातबाऱ्यावर चढलं, असा प्रकार. एसपीएसएस किंवा सॅसच्या नेहमीच्या तक्त्यात वाटणी वेगळी होते, तिथे प्रत्येकाला दुसऱ्याचा वाटा वजा करून मोजतात. कोणतं योग्य, यावर संख्याशास्त्रज्ञांत वाद आहे. ‘आर’च्या बाजूचे लोक म्हणतात, आधी प्रश्न काय ते ठरवा, क्रम त्यातून येईल. म्हणणं उत्तम आहे. पण आमच्या प्रबंधात प्रश्न कुणी ठरवलाच नव्हता.

आम्ही त्या विद्यार्थिनीला फोन केला. ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘सर, मी नावं अकारविल्हे लिहिली होती.’’

‘अ’ आधी, ‘ठ’ नंतर. एवढ्यावर एका अभ्यासक्रमाची परिणामकारकता सिद्ध झाली होती. आणि त्या निष्कर्षाचा हवाला देऊन एका संस्थेनं आणखी काही शाळांत चित्रकलेचा तास काढून तिथे हा अभ्यासक्रम बसवला होता. तिनं दोन्ही क्रम लावून नवा तक्ता केला, संस्थेला पत्र लिहिलं. पत्राची पोच आली. आमच्या माहितीप्रमाणे अभ्यासक्रम अजून चालू आहे.

तिनं लबाडी केली नव्हती. ‘आर’नंही काही लपवलं नव्हतं. वाटणीच्या या आज्ञेच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलेलं आहे, की ही पद्धत गटांची संख्या समतोल असेल तेव्हासाठी आहे, समतोल नसेल तर निकालांचा अर्थ लावणं अवघड जातं. सूचना उघडी होती. ना तिनं वाचली, ना मार्गदर्शकांनी, ना आम्ही. आणि आम्ही तर तपासण्यासाठीच मानधन घेतलं होतं.

आता समोरून कुणी म्हणेल, मग बंद सॉफ्टवेअरच बरं होतं, निदान क्रमाचा घोळ झाला नसता. थांबा. ते तक्ते जर कुणी नुसत्या माउसनं काढले असते आणि आज्ञा कुठे नोंदवल्या नसत्या, तर आम्हाला ही चूक सापडली असती का? सहकाऱ्याला चूक सापडली ती परिशिष्टातल्या त्या एका ओळीमुळे. उघडेपणानं चूक टळली नाही. ती सापडायची मात्र राहिली नाही. आमच्या मते ‘आर’चं खरं मोल इथे आहे.

याचा मोठा दाखला खुद्द ‘आर’च्या इतिहासात आहे. यादृच्छिक नमुना निवडण्याची त्याची आज्ञा वर्षानुवर्षं सगळे वापरत होते. समुदाय फार मोठा असेल तर त्या निवडीत किंचित पक्षपात होतो, असं संहिता वाचणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं. २०१९ मध्ये, ३.६.० या आवृत्तीत, पद्धत बदलली. बदल जाहीरपणे नोंदवला, आणि जुनी पद्धतही मागितली तर मिळेल अशी ठेवली, म्हणजे जुने निकाल जसेच्या तसे पुन्हा काढता यावेत. चूक कबूल करायची, सुधारायची आणि जुन्या चुकीचा माग पुसायचा नाही. किती माणसांना हे जमतं? आम्हाला तर त्या फोनपर्यंत जमलं नव्हतं.

पण दाराचं माहात्म्य सांगताना एक भेद विसरू नये. आज्ञावली खुली असणं वेगळं आणि तुमचं काम खुलं असणं वेगळं. २०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी मांडलं, की देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते. सरासरी वाढ उणे ०.१ टक्के. काटकसरीच्या धोरणांसाठी जगभर याचा हवाला दिला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्यानं आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी तो हिशेब पुन्हा केला, तेव्हा सरासरी आली अधिक २.२ टक्के. काही फरक विदा निवडण्याचा होता, काही भार देण्याच्या पद्धतीचा, आणि एक साधी चूक होती: एक्सेलच्या सूत्रात पाच देश सुटले होते. एक्सेल काही मुक्तस्रोत नव्हे. तरी चूक सापडली, कारण लेखकांनी आपली फाइल मागणाऱ्याला दिली. उलट, ‘आर’ वापरून आज्ञा जवळ दडवून ठेवणारे प्रबंध आपल्याकडे ढीगभर आहेत. त्यांना आम्ही मुक्त म्हणणार नाही. त्यांना फुकट म्हणू.

आता ‘आर’चे दोष. टीका करायला उभे राहिलो आहोत, तर गुणगान पुरे.

पहिला दोष मदतपानांचा. ती अचूक आहेत, पण जाणकारानं जाणकारासाठी लिहिलेली आहेत. नवख्याचा ज्यावर घात होतो ते वाक्य तपशिलात, पुष्कळ खाली येतं. शिवाय सगळं इंग्रजीत. मुंबई आयआयटीतल्या फॉसी आणि स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमांनी खुल्या आज्ञावली शिकवायचं मोठं काम केलं आहे, धडे भारतीय भाषांत नेले आहेत. पण आज्ञा कशी द्यायची हे शिकणं एक, आणि ती आज्ञा कोणतं गृहीतक पत्करते हे शिकणं दुसरं. हे दुसरं शिक्षण मराठीत जवळजवळ नाहीच, आणि ते देणं प्रोग्रामरचं काम नाही. ते आमच्यासारख्या मास्तरांचं होतं.

दुसरा दोष जबाबदारीचा. ‘आर’ सुरू केलं की पहिल्याच पडद्यावर ते सांगतं, ही मुक्त आज्ञावली आहे आणि हिची कोणतीही हमी नाही. प्रामाणिक आहे. पण वीस हजार पॅकेजेसमध्ये काही जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञांनी सांभाळलेली आहेत, तर काही एखाद्यानं फावल्या वेळात लिहिलेली. क्रॅनवर चढण्याआधी पॅकेज नीट चालतं का हे तपासतात. त्यातलं संख्याशास्त्र बरोबर आहे का, याची हमी ती तपासणी देत नाही. वापरणाऱ्याला मात्र सगळी एकाच रांगेत दिसतात. आप्तवाक्याला प्रमाण मानायचं, तर आधी आप्त कोण हे ओळखता आलं पाहिजे.

तिसरा दोष ‘आर’चा नाही, आपला आहे. ही पोथी लिहिणारे, दुरुस्त करणारे बहुतेक लोक विनामोबदला राबतात. ‘आर’मध्ये एक छोटी आज्ञा आहे, ती दिली की त्याचा उल्लेख संदर्भसूचीत कसा करावा ते छापून येतं. आमच्या हाताखालून गेलेल्या प्रबंधांत हा उल्लेख क्वचित दिसला. मार्गदर्शकांचे, घरच्यांचे, टंकलेखकाचेसुद्धा आभार असतात. ज्यानं गणित केलं त्याचं नाव नसतं.

शेवटी, आम्ही काय सुचवतो? भलं मोठं काही नाही. तुम्ही विद्यार्थी असाल तर प्रबंधाला आज्ञा जोडा, आणि कुणाची ओळख उघड होणार नसेल तर विदाही. मुख्य आज्ञेशेजारी आपल्या भाषेत दोन वाक्यं लिहा: इथे मी काय गृहीत धरलं आणि का. ‘सॉफ्टवेअरमधून आलं’ हे लिहिता येणार नाही असं बघा. मार्गदर्शक असाल तर सही करण्याआधी विद्यार्थ्याच्या शेजारी बसून एकदा त्या आज्ञा चालवा, एखादा डीफॉल्ट बदला, काय हलतं ते पाहा. अर्धा तास लागतो. आणि परीक्षक असाल, तर सगळे हसतील तेव्हा हसू नका. प्रश्न पुन्हा विचारा.

तो आम्ही विचारला नाही. म्हणून आज इथे येऊन सांगितलं.

आता प्रश्न घेऊ. संख्याशास्त्राचे जाणकार समोर बसलेले दिसताहेत. आमचं कुठे चुकलं असेल तर त्यांनीच सुरुवात करावी.